विलंबाच्या बाजूने चार शब्द

दिव्यांगांच्या निवृत्तीवेतनाचे अर्ज तहसील कार्यालयात महिनोन्महिने पडून राहतात, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती करणाऱ्यांचा आवाजही सवयीचा वाटतो. आमसभेत ती होते, विधिमंडळात होते, तीन डिसेंबरच्या दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात तर थेट व्यासपीठावरून होते. तक्रार खोटी नाही. पण अर्ज पडून राहणे ही वाईटच गोष्ट आहे, असे आपण कोणतीही चौकशी न करता गृहीत धरतो. जबाबदार नागरिकाला असे एकतर्फी बोलणे शोभत नाही. या विलंबाचा ज्यांना फायदा होतो ते स्वभावाने अबोल आहेत. ज्यांना तो सोसावा लागतो त्यांची सगळी शक्ती झेरॉक्स काढण्यात जाते. तेव्हा विलंबाची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

आधी व्यवस्था समजून घेऊ. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असलेल्या व्यक्तीला तिच्यातून दरमहा अनुदान मिळते. अगदी २०१९ पर्यंत हे अनुदान ६०० रुपये होते. मग ते हजार झाले, २०२३ मध्ये दीड हजार झाले आणि २०२५ च्या सप्टेंबरात दिव्यांगांसाठी ते अडीच हजार करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचे असेल, तर केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना लागू होते. तिच्यात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. २०१२ मध्ये तो २०० चा ३०० झाला आणि त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नाही. डाळ, गॅस, औषधे आणि एसटीचे तिकीट यांनी त्याच काळात जे चंचल वर्तन केले, ते पाहता या ३०० रुपयांचा ठामपणा उठून दिसतो.

एवढी मोठी रक्कम द्यायची तर घाई करून चालणार नाही. म्हणून पहिली पायरी प्रमाणपत्राची. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची, मोबाईलवर ओटीपी आला की तो टाकायचा, आणि जिल्हा रुग्णालयात दिव्यांग मंडळ ज्या वारी बसते त्या वारी हजर व्हायचे. कानाचे डॉक्टर त्या दिवशी रजेवर असले तर पुढच्या आठवड्यात. कानाची ‘बेरा’ तपासणी करणारे यंत्र त्या रुग्णालयात नसले तर दुसऱ्या शहरात. बौद्धिक दिव्यांगत्वाची चाचणी घेणारा मानसशास्त्रज्ञ जिल्ह्यात नसला तर तो जिथे असेल तिथे. सिरोंच्याचा माणूस गडचिरोलीला निघाला तर एका बाजूने दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. इतका प्रवास करणारा माणूस खरोखर गरजू आहे, याबद्दल मग कोणालाच शंका उरत नाही. त्याने प्रवास केलाच नाही, तर त्याची गरज तेवढी तीव्र नव्हती असा निष्कर्ष आपोआप निघतो. कोणताही कागद न तपासता होणारी ही पडताळणी आहे.

एसटी दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत देते, हे या संदर्भात सांगायला हवे. सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र आणायला जाताना ते हातात नसते, म्हणून त्या फेऱ्यांना ही सवलत मिळत नाही. चालू न शकणाऱ्या मुलाला पाठीवर घेऊन निघालेल्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. राज्याच्या परिवहन महामंडळाला गरिबातल्या गरिबांचा असा हातभार लागतो, याची नोंद कोणत्याच अंदाजपत्रकात नसते.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चा. त्याखालचे नियम २०१७ मध्ये आले आणि त्यांनी वैद्यकीय मंडळाला प्रमाणपत्रासाठी एक महिना दिला. अनेक ठिकाणी महिन्यात प्रमाणपत्र मिळत नसे. नियम आणि वास्तव यांच्यात अंतर पडले की दोनच मार्ग उरतात, वास्तव नियमाजवळ आणायचे किंवा नियम वास्तवाजवळ. २०२४ मध्ये नियमात सुधारणा झाली आणि एका महिन्याचे तीन महिने झाले. त्या दिवसापासून कित्येक विलंब हे विलंब राहिलेच नाहीत. एकही डॉक्टर न वाढवता आणि एकही यंत्र न घेता एवढे काम वेळेत बसवणारी सुधारणा दुसरी दाखवता येणार नाही.

प्रमाणपत्र आले की उत्पन्नाचा दाखला. पन्नास हजार म्हणजे दिवसाला साधारण १३७ रुपये, संपूर्ण कुटुंबाचे. घरात चार माणसे धरली तर माणशी ३४. रोज ३०० रुपये मिळवणारा शेतमजूर वर्षात १६७ दिवस कामावर गेला की त्याचे कुटुंब या मर्यादेबाहेर पडते आणि शासनाच्या दृष्टीने सुस्थितीत येते. घरातल्या अंध मुलीला अनुदान मिळावे असे वाटत असेल तर बापाने १६६ दिवसांवर थांबायला हवे. तो थांबत नाही, कारण त्याला हे गणित ठाऊक नसते आणि पोटाला तर मुळीच ठाऊक नसते. मग तलाठ्याकडे जाऊन उत्पन्न ‘बसवून’ घ्यावे लागते. आयुष्यात कधी खोटे न बोललेल्या माणसाला साठाव्या वर्षी सरकारी दाखल्यावर पहिले खोटे लिहून घ्यायला लावणे, हे या मर्यादेचे काम. आणि ते खोटे लिहून मिळेपर्यंत जो वेळ जातो त्याला विलंब म्हणायचे की संकोच, हा प्रश्न आहे.

सगळे कागद गोळा झाले की अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत येतो. रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक, वयाचा पुरावा, स्वयंघोषणापत्र. इथे त्याला त्रुटी लागते. त्रुटी म्हणजे एखादा कागद कमी असणे; पण अनुभवी शाखा सगळ्या त्रुटी एकदम सांगत नाही. या खेपेला रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही. ते जुळवून आणले की उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली असते. तो नवा काढला की फोटो जुना ठरतो. ‘काका, पुढच्या मंगळवारी या,’ असे सांगणाऱ्या लिपिकाचा स्वर बहुतेक वेळा मवाळ असतो, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. त्याच्या टेबलावर पाच योजनांचे गठ्ठे असतात, शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या असतात, आणि त्या भरल्या जात नाहीत हा त्याचा दोष नव्हे. लोणचे घातल्या दिवशी खाल्ले तर चव लागत नाही, बरणीत ते मुरावे लागते. अर्जाचेही तसेच असावे, अशी प्रशासनाची भूमिका दिसते. फरक इतकाच की लोणचे मुरते तेव्हा घरात दुसरे काहीतरी खायला असते.

त्रुटी संपल्या की तालुका समिती. तहसीलदार तिचे सचिव आणि अध्यक्ष अशासकीय, बहुधा पालकमंत्र्यांच्या मर्जीतला कार्यकर्ता. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात आणि नव्या नावांच्या याद्या मुंबईला जातात. यादीत कोणत्या पक्षाचे किती यावर एकमत व्हायला वेळ लागतो, कारण लोकशाहीत एकमत सहजासहजी होऊ नये. मधल्या काळात अधिकाऱ्यांची समिती काम पाहते, पण निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठक पुढे ढकलण्याकडे कल असतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका, विधानसभा, लोकसभा असा आपला निवडणुकांचा क्रम भरगच्च आहे. ज्या गावात पोलिओने पाय गेलेला एखादा तरुण समितीच्या बैठकीची वाट पाहत बसलेला असतो, त्याच गावात त्याच काळात त्याला मतदान केंद्रापर्यंत नेण्यासाठी चाकाची खुर्ची आणली जाते. मतदानाला उशीर चालत नाही. त्या दिवशी यंत्रणा त्याच्या दारापर्यंत येते, आणि त्याला भेटायला मुद्दाम आलेल्या माणसांची त्याला सवय नसल्याने तो गोंधळतो.

कित्येक जुन्या तहसील कचेऱ्या दगडी आहेत आणि देखण्या आहेत. त्यांच्यापैकी अनेकींत संजय गांधी शाखा वरच्या मजल्यावर असते. २०१६ च्या अधिनियमाने सर्व सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. ती जून २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नावर केंद्राला सक्तीचे मापदंड ठरवायला सांगितले. तरीही जिना आहे तिथे आहे, आणि त्याची उपयुक्तता मान्य करायला हवी. जो जिना चढून वर येतो तो एवढा धडधाकट कसा, असा प्रश्न त्याला विचारता येतो. जो चढत नाही त्याचा अर्जच वर येत नाही. खाली थांबलेल्या दिव्यांगाची चौकशी करायला लिपिक कधी खाली उतरला, तर ती बातमी होते आणि वर्तमानपत्रात तिचे फोटोसह कौतुक छापून येते. जिना नसता तर हे कौतुक कुठून आले असते?

आता पैशाचे बोलू, कारण विलंबाचा खरा कैवारी तोच आहे. अनुदान सुरू होते मंजुरीनंतर. अर्ज दिल्यापासून मंजुरीपर्यंतच्या महिन्यांचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. एका अर्जाला वर्ष लागले तर अडीच हजारांच्या दराने ३० हजार रुपये वाचतात. एका तालुक्यात असे शंभर अर्ज वर्षभर थांबले तर ३० लाख. ही बचत करायला कुठला आदेश काढावा लागत नाही, विधिमंडळात कपातीची सूचना आणावी लागत नाही, कोणाची सही लागत नाही. फक्त सही करायची नसते. योजना बंद केली असती तर मोर्चे निघाले असते. अनुदान कमी केले असते तर अग्रलेख आले असते. अर्ज थांबवला तर काहीच होत नाही, कारण थांबलेला प्रत्येक अर्ज एकेकटा असतो. राज्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे २९ लाख ६३ हजार दिव्यांग आहेत. ती संख्या एका जागी उभी राहिली तर सरकारे हलतील. पण ती एका जागी उभी राहू शकत नाही, आणि व्यवस्थेला हे पुरेपूर ठाऊक आहे.

हे वाचलेले पैसे कोणीतरी भरतच असते, हे मान्य केले पाहिजे. आई कामावर जाणे सोडते आणि घरी थांबते. भाऊ बचत गटातून कर्ज काढतो. शेजारीण दुपारची भाकरी देते आणि त्याचा हिशेब ठेवत नाही. बहिणीचे शिक्षण दहावीला संपते. शासनाच्या सामाजिक सुरक्षेचा भार या लोकांनी आपल्या अंगावर घेतलेला आहे आणि त्यांनी कधी मानधनही मागितलेले नाही. अर्थसंकल्प मांडताना दर वर्षी कोणाकोणाचे आभार मानले जातात. या वर्षी या आयांचे मानायला हरकत नव्हती.

मंजुरी मिळाली म्हणजे सुटलो, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी बँक आहे. पैसा आता थेट खात्यात येतो आणि ही सुधारणा खरोखर चांगली आहे. मधली गळती तिने थांबवली. पण खाते आधारशी जोडलेले हवे, आधार अद्ययावत हवे, आणि पैसे काढताना यंत्रावर अंगठा उमटायला हवा. कुष्ठरोगातून बरे झालेल्या व्यक्तींना कायद्याने दिव्यांग मानले आहे. त्यांच्यातल्या अनेकांना बोटेच नसतात. दृष्टिहीन माणसाला केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले जाते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगून सरकारला सविस्तर निर्देश दिले. ज्या दिव्यांगत्वासाठी अनुदान द्यायचे, तेच दिव्यांगत्व पैसे नाकारायचे कारण व्हावे, इतकी अचूक योजना माणसाने ठरवून आखली असती तर तिला दाद द्यावी लागली असती. ती आपोआप झाली, म्हणून कोणाला जबाबदारही धरता येत नाही.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्याबद्दल फार लिहीत नाही. आपण जिवंत आहोत हे अंथरुणाला खिळलेल्या माणसाने दर वर्षी सरकारला कळवायचे. आपला अर्ज जिवंत आहे का हे मात्र सरकारने त्याला कळवायचे नसते.

विलंबाची एवढी बाजू घेतल्यावर प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करावी लागते. या व्यवस्थेकडून एकदा गंभीर चूक झाली. २०२४ च्या १ जुलैला महिलांना दरमहा दीड हजार देणाऱ्या लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि ऑगस्टच्या मध्यावर लाखो बहिणींच्या खात्यात पैसे जमा झाले. दीड महिना. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख होती. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले की उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता. अंगणवाडी सेविका घरोघरी जाऊन अर्ज भरत होत्या. तलाठी तोच होता, तहसील तेच होते, बँकाही त्याच. अर्ज मुरले नाहीत, त्रुटी एकेक करून निघाल्या नाहीत, कोणाला जिना चढावा लागला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली.

त्या बहिणींना पैसे मिळाले याचे मला मनापासून समाधान आहे आणि त्यांतल्या कितीतरी जणींच्या घरात तो पैसा थेट औषधाला गेला असेल. पण जी यंत्रणा अनेक वर्षे दिव्यांगांना ‘आमच्याकडून एवढ्या लवकर होत नाही’ असे सांगत होती, तिने हे करून दाखवायला नको होते. लोक आता तुलना करतात. पन्नास हजारांच्या मर्यादेत बसायला धडपडणारा अंध माणूस अडीच लाखांची मर्यादा ऐकतो. आणि ज्या दिव्यांग बाईला निराधार योजनेतून दीड हजार मिळत होते, तिला तर नियमानेच बहीण होता आले नाही, कारण तिला सरकारकडून तेवढेच पैसे आधीपासून मिळत होते. विलंब ही अपरिहार्य गोष्ट आहे, तिच्यात कोणाचा हेतू नाही, या विश्वासावर एवढी वर्षे सगळे चालले होते. तो विश्वास त्या दीड महिन्याने मोडला. या हानीची भरपाई कशी करायची, हे मला खरोखर सुचत नाही.

कायद्यांचे मात्र कौतुक करावे तेवढे थोडे. महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातील विलंब या दोन्हींसाठी तो केलेला असून लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणून ओळखतात. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे त्यात लिहिले आहे. दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा, असेही लिहिले आहे. त्याच्या जोडीला २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवा वेळेत न देणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. एवढे कायदे असताना विलंब टिकून राहतो, यावरून त्याची मुळे किती खोल आहेत ते कळावे. आणि त्याला वयाची मर्यादाही नाही. २०१६ च्या अधिनियमातल्या कलम २४ ने सांगितले होते की दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांना मिळणाऱ्या तशाच साहाय्यापेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे. निराधार योजनेत पुढे कितीतरी वर्षे दिव्यांगाला आणि इतरांना सारखीच रक्कम मिळत राहिली. दिव्यांगांसाठी वेगळी, वाढीव रक्कम ठरली ती २०२५ मध्ये. संसदेने केलेला कायदाच नऊ वर्षे थांबत असेल, तर एखाद्या वाडीवरच्या माणसाने आपला अर्ज नऊ महिन्यांत निघावा असा आग्रह धरणे थोडे अवाजवीच म्हणावे लागेल.

विलंबाचे एक फळ असे आहे की त्याबद्दल प्रशासनही फारसे बोलत नाही. वाट पाहताना अर्जदार मरतो. दिव्यांगत्वाबरोबर येणारे आजार, जखमा, मूत्रपिंडाचे विकार, अपुरे खाणे यांमुळे तो इतरांपेक्षा थोडा लवकर मरतो. मग शाखेत फाईल बाहेर निघते, तिच्यावर ‘मयत’ असा शेरा पडतो आणि प्रलंबित प्रकरणांतून एक प्रकरण कमी होते. महिनाअखेरच्या आढाव्यात निकाली काढलेल्या अर्जांत त्याची गणना होते. त्याला एक रुपयाही न देता त्याचा अर्ज निकाली निघतो. मंजुरीला जे जमले नाही ते मृत्यूने केलेले असते, आणि अहवालाच्या तक्त्यात दोघांचा रकाना एकच असतो. एवढ्या एका ठिकाणी विलंबाची बाजू घेताना माझी लेखणी अडते.

म्हणून वाचकांनी एक काम करावे. आपल्या तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला लेखी विचारावे की मागच्या दोन वर्षांत दिव्यांगांचे किती अर्ज आले, प्रत्येक अर्जाला आल्यापासून निर्णयापर्यंत किती दिवस लागले, समितीच्या किती बैठका झाल्या आणि त्यांच्या तारखा काय, आणि किती अर्जदार निर्णयापूर्वी मयत झाले. नावे मागू नयेत, आकडे मागावेत. अर्ज साध्या कागदावर चालतो, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तो स्टॅम्पही लागत नाही.